कोणता मुलूख मोकळा?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा किमान वेतन, हमालीचे दर किंवा कापसाचा भाव यांपैकी काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही सांगितलेला विषय ऐकून ते जरा चपापले. ज्या देशात जायला आडकाठी कमी, असा देश माणसाने कसा निवडावा आणि आजवर कसा निवडला, याचा इतिहास हमालांच्या पुढाऱ्याने का सांगावा? शिवाय आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सगळे वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वानांनी आमच्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये.

विषय आम्ही निवडला नाही, तो चालत आमच्याकडे आला. आमची कचेरी म्हणजे टिनाचे छप्पर, दोन बाकडी आणि एक लोखंडी कपाट. पूर्वी तिथे येणारा पोरगा "भाऊ, जिनिंगमध्ये लावून द्या" म्हणून यायचा. अलीकडे तो येतो आणि विचारतो, "भाऊ, ज्याले व्हिसा नाई लागत असा देश कोनता हाये जी?" पहिल्यांदा विचारणारा आमच्याच एका सभासदाचा मुलगा होता. बाप सरकीच्या ढिगावर उभा राहून म्हातारा झालेला, पोरगा बारावी झालेला, दोन एकर कोरडवाहू. आम्ही त्याला हसून म्हणालो, "अरे, तुला फिरायला जायचे आहे की कामाला?" तो म्हणाला, "एकच आहे ना भाऊ, आत गेल्यावर पाहू." आम्ही हसलो ही आमची चूक झाली. त्याची हकीकत पुढे येईल. तिच्या आधी दीड-दोनशे वर्षांची हकीकत सांगितली पाहिजे, कारण "आत गेल्यावर पाहू" हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलेले नाही.

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र आणि विमान उभे राहते. पण आर्णीकरांचा पहिला परदेश विमानाच्या वाटेवर नव्हता. तो पैनगंगेच्या पलीकडे होता. माहूर! रेणुकेच्या दर्शनाला आपल्या पणज्या बैलगाडीत बसून, भाकऱ्या बांधून जात होत्या, त्या नदी ओलांडली की निजामाच्या राज्यात शिरत होत्या. अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, पलीकडे हैदराबाद संस्थान. तिकडचे नाणे वेगळे, त्याला हाली सिक्का म्हणत. टपाल वेगळे, कचेरीची भाषा उर्दू. नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात. करोडगिरीचा शिपाई गाडीतली पोती चाचपून पाही. पण गाडीत बसलेल्या म्हातारीला "तुझा कागद दाखव" असे कोणी म्हणत नसे. मालावर नजर, माणसावर नाही, असा तो काळ. १९४७-४८ साली हीच नदी एकाएकी खरी सरहद्द झाली, रझाकारांच्या भीतीने लोक अलीकडे पळून आले, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आल्यावर ती पुन्हा नुसती नदी झाली. एकाच जन्मात एकाच पाण्याचे तीन अर्थ पाहिलेली माणसे आमच्या लहानपणी गावात होती. त्यांना सरहद्द ही काय चीज आहे हे भूगोलाच्या मास्तरांपेक्षा चांगले कळत होते.

माल आणि माणूस यांचा हा हिशेब पुढे नेमका उलटला. आपल्या जिल्ह्याचा कापूस पाहा. तो यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत त्या अरुंद रुळांच्या, आता बंद पडलेल्या गाडीत बसला, तिथून मुंबई बंदरात गेला, आणि बोटीतून विलायतेला पोचला. गाठीवर शिक्का असला की झाले. जगातले कुठलेही बंदर त्या गाठीला उतरवून घ्यायला तयार! पण ज्या बाईने तो कापूस वेचला तिच्या मुलाला त्याच बंदरात उतरायचे म्हटले असते, तर तू कोण, कुठला, खिशात किती, परत कधी जाणार, असे चार प्रश्न त्याच्यापुढे उभे राहिले असते. हे चार प्रश्न कधी आणि कुणासाठी निघाले, तोच आजचा आमचा विषय म्हणा.

आपल्या गावात बाबा कंबलपोशांचा दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला सर्व जातिधर्मांचे लोक जमतात. तेव्हा हजच्या वाटेचा उल्लेख इथे परका वाटू नये. एकोणिसाव्या शतकात गरीब हिंदी माणसाला सगळ्यात मोकळा असलेला समुद्रापारचा रस्ता हाच होता. वऱ्हाडातून, खानदेशातून, हैदराबादेतून माणसे मुंबईला येत, मुसाफिरखान्यात उतरत आणि जिद्दाला जाणाऱ्या जहाजाच्या डेकवर पथारी टाकत. गर्दी आणि लुबाडणूक इतकी वाढली की १८८६ साली सरकारने यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम टॉमस कुक कंपनीच्या हवाली केले. साहेबलोकांना पिरॅमिड दाखवणारी कंपनी आणि तिच्याकडे हाजींची व्यवस्था! ती काही वर्षांतच हे काम सोडून गेली, यात नवल नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली मुंबईहून हजला जाणेच बंद करण्यात आले. रोगाचे कारण खरे होते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. जो दरवाजा शेकडो वर्षे उघडा आहे तो एका हुकमाने बंद होतो, हे लोकांना तेव्हा दिसले. पुढे १९२५ साली कायदा झाला की यात्रेकरूने परतीचे तिकीट काढावे किंवा परतीच्या भाड्याइतकी रक्कम आधी ठेवावी. कारण जिद्दाला अडकून पडलेल्या कंगाल हाजींना परत आणण्याचा खर्च सरकारवर पडत होता. कायदा अगदीच निर्दय होता असे आम्ही म्हणणार नाही, त्याने पुष्कळांचे प्राण वाचले असतील. पण 'परतीचे तिकीट दाखव' हा प्रश्न गरिबाच्या वाट्याला केव्हापासून आला, हे त्यावरून कळते. आज विमानतळावर तोच प्रश्न विचारतात.

आता मॉरिशसकडे वळू. सहलीच्या जाहिरातीत मॉरिशस म्हणजे निळे पाणी आणि नवविवाहित जोडपी. भारतीय पर्यटकाला तिथे जाण्याआधी व्हिसा काढावा लागत नाही, हॉटेल आणि परतीचे तिकीट दाखवले की उतरू देतात. पण हिंदी माणसाला मॉरिशसने आत घेतले ते काही या जाहिरातीपासून नव्हे. १८३४ च्या २ नोव्हेंबरला 'ॲटलस' नावाचे जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले. गुलामगिरी कायद्याने संपत आली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. त्यानंतर साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे करारावर तिथे गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची आणि आसपासची मराठी माणसे होती. त्या काळी जगात इतका सताड उघडा दरवाजा दुसरा नव्हता. पासपोर्ट नको, व्हिसा नको, भाडेसुद्धा मळेवाल्याचे. फक्त अंगठा द्या.

मग आत गेल्यावर काय पाहिले?

आत गेल्यावर कागद सुरू झाले. करारात पाच वर्षांची बांधिलकी, गैरहजेरीला दुप्पट कपात, मळ्याबाहेर पाऊल टाकायला मालकाची चिठ्ठी. पाच वर्षे संपली की माणूस मोकळा झाला असे कोणाला वाटेल. पण १८६७ च्या मजूर-कायद्याने त्या जुन्या, मोकळ्या झालेल्या मजुरांनासुद्धा एक ओळखीचे तिकीट बाळगणे सक्तीचे केले आणि त्यावर त्यांचा फोटो चिकटवला. त्या फोटोचे पैसे मजुराकडूनच! हे तिकीट जवळ नसेल तर भटक्या ठरवून तुरुंग. पासपोर्टवर फोटो लावण्याची जगरहाटी पहिल्या महायुद्धाच्या वेळची. तिच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी आपल्या ऊसतोड्याचा फोटो काढून तो त्याच्या छातीवर बिल्ल्यासारखा ठोकलेला होता. राजेरजवाड्यांना जो मान मिळायला वेळ लागला, तो त्याला फार लवकर मिळाला म्हणायचा.

१८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी या जाचाविरुद्ध गव्हर्नरला अर्ज केला. तो लिहून देण्यास आणि सह्या जमवण्यास आदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाचा एक गोरा मळेवाला धावून आला. त्याला त्याच्या जातभाईंनी भर रस्त्यात मारहाण केली. पण १८७२ साली चौकशी आयोग नेमला गेला आणि जुलमाचा बराच पुरावा बाहेर आला. आम्ही आयुष्यात पुष्कळ अर्ज लिहिले, त्यांवर सह्या-अंगठे गोळा केले. शंभर सह्या जमवायला काय घाम गाळावा लागतो ते आम्हाला माहीत आहे. ज्या बेटावर मळ्याबाहेर पडायला चिठ्ठी लागते तिथे नऊ हजारांवर सह्या! हा आकडा आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

त्या मजुरांची नातवंडे-पतवंडे आज तिथे नागरिक आहेत. मराठी घरांतून गणपती बसतो, गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ सालापासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. सहलीला जाणाऱ्यांनी निळे पाणी जरूर पाहावे, तासभर त्या घाटाच्या पायऱ्यांवरही काढावा.

मजुराला बोलावणारे देश असे होते, तर स्वतःच्या पायाने येणाऱ्या हिंदी माणसाला दरवाजे बंद करणारे देश त्याच सुमारास वाढू लागले. नाताळने १८९७ साली युरोपीय भाषेच्या परीक्षेची युक्ती काढली. कॅनडाने १९०८ साली त्याहून नामी युक्ती काढली. जो स्वदेशाहून थेट, एकाच प्रवासात येईल तोच आत. आणि हिंदुस्थानातून थेट जाणारी आगबोटच नव्हती! वर २०० डॉलर खिशात दाखवा. कायद्यात 'हिंदी माणसाला बंदी' असा एक शब्द नाही. १९१४ साली 'कोमागाता मारू' जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला गेले, दोन महिने बंदरात उभे राहिले, आणि थोडेच उतारू उतरू देऊन परत पाठवले गेले. कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. ही कथा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवत नाही.

त्यानंतर महायुद्ध आले आणि सगळ्या युरोपने कागद मागायला सुरुवात केली. लढाई संपली तरी ती सवय गेली नाही. १९२० साली हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला, त्याच वर्षी पॅरिसला राष्ट्रसंघाच्या परिषदेने पासपोर्टचा एकसारखा नमुना ठरवला. तात्पुरती म्हणून आलेली गोष्ट कायमची कशी होते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सापडत नाही.

या कागदांच्या युगात ज्याच्याजवळ कागदच नाही, किंवा आहे तो शत्रूचा आहे, त्याने कोणता देश निवडावा? याचे उत्तर आपल्या विदर्भातल्या एका माणसाने स्वतःच्या आयुष्याने दिले आहे. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा. बंगालच्या फाळणीच्या दिवसांत हा तरुण जपानमार्गे अमेरिकेला गेला. मोलमजुरी करून शेतकीशास्त्र शिकला, आणि गदर चळवळीच्या पहिल्या फळीत दाखल झाला. महायुद्धात मुसलमान नाव घेऊन इराणात लढला. युद्ध संपल्यावर बर्लिन झाले, १९२१ साली मॉस्को झाले. हिंदुस्थानचा दरवाजा बंद, अमेरिकेनेही १९१७ सालीच आशियाई माणसासाठी कुलूप घातलेले. तेव्हा १९२४ साली त्याने मेक्सिको गाठले.

मेक्सिकोच का? आमच्या समजुतीप्रमाणे दोन कारणे. एक, त्या देशात नुकतीच क्रांती झाली होती आणि इंग्रजांच्या शत्रूला इंग्रजांच्या हवाली करण्याची त्यांना घाई नव्हती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. तिथे याच्या हाताला काम होते. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात तो प्राध्यापक झाला, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्याने संशोधन केले, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्याला रंगवले. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर लोकांना भाकर वाटताना उभा आहे! म्हणजे नुसती आत शिरायची सोय पाहून नव्हे, आत गेल्यावर आपण काय म्हणून राहणार हे पाहून त्याने देश निवडला. पाहुणा म्हणून नाही, लपून नाही. शिक्षक म्हणून.

या कथेचा शेवटचा भाग आम्हाला नेहमी टोचतो. देश स्वतंत्र झाला. खानखोज्यांनी मायदेशी यायला व्हिसा मागितला, आणि तो नाकारला गेला! इंग्रजांनी केलेली बंदी आपल्या दप्तरात तशीच पडून होती. मग ती उठली, १९४९ साली ते आले, आणि पुढे नागपुरात येऊन राहिले. १९६७ साली तिथेच वारले. जगातल्या इतक्या सरहद्दी ओलांडलेल्या माणसाला शेवटी अडवले ते स्वतःच्या देशाच्या कारकुनाने. सत्ता बदलते, फाईल बदलत नाही, हे आम्ही कामगार-कचेऱ्यांत रोज पाहतो.

आडकाठी नसलेल्या मुलखाने माणसाचे प्राण वाचतात हेही इथे नमूद केले पाहिजे. हिटलरच्या छळातून निघालेल्या यहुद्यांना बडीबडी राष्ट्रे व्हिसा देईनात, तेव्हा शांघाय बंदरात व्हिसाशिवाय उतरता येत होते. अठरा-वीस हजार माणसे तिथे जगली. आणि आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, राहत होते. पारतंत्र्यात असलेल्या मुलखाने त्यांना आसरा दिला. कधी आपणही कोणाचा तरी मोकळा मुलूख होतो.

स्वातंत्र्यानंतरची गंमत, गंमत म्हणा की विटंबना म्हणा, निराळीच आहे. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे राष्ट्रकुलातल्या माणसाला विलायतेत जायला, राहायला, काम करायला मोकळीक होती. १९६२ साली ती आवळली जाईपर्यंत तो दरवाजा चौदा वर्षे उघडा होता. मग आपल्याकडचे गिरणीकामगार, खलाशी, बिगारी तिकडे का गेले नाहीत? कारण दरवाजा तिकडून उघडा होता, इकडून बंद होता. पासपोर्ट देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर होते आणि गरीब, अल्पशिक्षित माणसाला तो सहसा मिळत नसे. परदेशात जाऊन देशाची अब्रू घालवील म्हणून! बोटीवरच्या कोकणी खलाशाजवळ त्याची 'नळी', म्हणजे नोकरीचा दाखला असे. त्यावर तो जगभरची बंदरे पाही. पण त्यालाही विलायतेने १९२५ सालच्या हुकमान्वये परकी म्हणून नोंद करायला लावलेच होते. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी, ३ विरुद्ध २ अशा मताने, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे ठरवले, तेव्हा कुठे सरकारची मर्जी कायद्याच्या चौकटीत आली. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ साली मनेका गांधी खटल्याने तो हक्क आणखी पक्का केला. ते दोन्ही अर्जदार हमाल नव्हते हे उघड आहे. पण त्यांच्या भांडणाचा फायदा हमालालाही झाला, हे कबूल केले पाहिजे.

पुढे आखाताची वाट उघडली. फसवणूक होऊ लागली, म्हणून १९८३ साली स्थलांतराचा कायदा आला. दहावी न झालेल्या माणसाला ठरावीक देशांत नोकरीला जायचे तर सरकारची संमती घ्यावी लागे. त्याच्या पासपोर्टवर तशी नोंद असे. अशी नोंद आमच्या पासपोर्टवर नाही. आम्ही दहावी झालेलो नसूनही! कारण आम्ही पासपोर्ट काढला तो पन्नाशी ओलांडल्यावर, आणि पन्नाशीपुढच्या माणसाला या नियमातून सूट आहे. या वयात कोणी याला कामाला नेणार नाही, असा सरकारचा होरा असावा. कचेरीतल्या बाईंनी हे समजावून सांगितले तेव्हा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावे, हे आम्हाला कळेना.

आता त्या पोराची हकीकत. जिल्ह्याच्या गावातल्या एका एजंटाने त्याला पूर्वेकडच्या एका देशाचे नाव सांगितले. व्हिसा नको, हॉटेलात नोकरी, जेवणखाण फुकट. बापाने एक एकर गहाण टाकून दीड लाख उभे केले. विमानतळावर पोराने पढवल्याप्रमाणे "फिरायला आलो" असे सांगितले. त्याला आत घेतले. तिथल्या एका खानावळीच्या भटारखान्यात चौदा-चौदा तास भांडी घासली, पासपोर्ट मालकाने 'जपून ठेवायला' म्हणून घेतला. तीन महिन्यांनी पगार मागितला तेव्हा मालक म्हणाला, "कसला पगार? तू तर पाहुणा आहेस. जा पोलिसांकडे!" पोलिसांकडे गेला असता तर तोच गुन्हेगार ठरला असता. पाहुण्याला मजुरी मागता येत नाही, श्रोतेहो. मॉरिशसच्या मजुराजवळ निदान करार होता आणि त्या करारावर भांडायला ९,४०१ माणसे होती. आपल्या पोराजवळ दोन्ही नव्हते. पाच महिन्यांनी मामाने तिकिटाचे पैसे पाठवले, कसाबसा पासपोर्ट सुटला, पोरगा घरी आला. एकर अजून गहाणच आहे.

हा एकट्याचा प्रकार नव्हे. थायलंडने नोव्हेंबर १९२३ मध्ये नव्हे, अगदी परवा, नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात केला. शेकडो लोक सुखाने हिंडून आले. पण थायलंडच्याच वाटेने नोकरीच्या आमिषाला भुललेली पोरे म्यानमारच्या सरहद्दीवरच्या ठगांच्या कोठ्यांत नेली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना परत आणले. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला होता. नोकरीच्या थापा देऊन तिकडे नेलेल्यांना डांबून खंडणी मागण्याचे प्रकार घडले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती माफी थांबवण्यात आली. सर्बियाची सवलत युरोपातल्या मोठ्या राष्ट्रांच्या दडपणामुळे १ जानेवारी २०२३ ला संपली. म्हणून मोकळ्या देशांची यादी आमच्याकडे मागू नका. आज दिलेली यादी हा ग्रंथ छापून तुमच्या हाती येईपर्यंत शिळी झालेली असेल.

तरी पोरे विचारायला येतात. त्यांना "जाऊ नको" म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. गावात काम नाही हे आम्हीच सभेत ओरडून सांगतो. आम्ही आता त्यांना समोर बसवतो आणि विचारतो: त्या दारात तू काय म्हणून उभा राहणार आहेस, पाहुणा की कामगार? कामगार असशील तर मालकाचे नाव आणि सही असलेला कागद कुठे आहे? आणि तुझा पासपोर्ट रात्री कोणाच्या उशाखाली राहणार? एजंट सरकारात नोंदलेला आहे की नाही हे आमच्या कचेरीतला पोरगा संगणकावर पाहून सांगतो. बहुतेकांचे उत्तर पहिल्याच प्रश्नाला अडखळते. काही जण रागावून उठून जातात. आमच्या त्या सभासदाचा मुलगा हल्ली संध्याकाळी कचेरीत येऊन बसतो. त्याचे ऐकून दोघे थांबले, एक तरीही गेला.

आमचा स्वतःचा परदेशप्रवास एकदाच झाला. हमालांच्या एका मेळाव्यासाठी बिहारात रक्सौलपर्यंत गेलो होतो, तिथून पुलापलीकडे नेपाळातले बीरगंज दिसते. १९५० च्या तहाप्रमाणे तिथे भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. सोबतचे म्हणाले, चला, परदेश पाहून येऊ. आम्ही मोठ्या थाटात कोरा पासपोर्ट खिशातून काढून हातात धरला. पहाऱ्यावरच्या जवानाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आमच्या पुढे एक हमाल पाठीवर तांदळाचे पोते घेऊन चालला होता. त्याला थांबवून पोत्यात काय आहे ते विचारले, पोते चाचपले आणि जाऊ दिले. दिवसातून किती वेळा पूल ओलांडतोस, म्हणून आम्ही त्याला विचारले. पोते न उतरवताच तो म्हणाला, मोजत नाही, खेपेवर पैसे मिळतात.